मुरलेलं बीड

घाई करणाऱ्या माणसांची मला पहिल्यापासून चीड आहे. रंग वाळायच्या आत दार बसवणारा सुतार, चहाला उकळी फुटायच्या आत तो गाळणारा हॉटेलवाला आणि ओतीव तुकडा धड गार व्हायच्या आत त्याला मशीनवर चढवणारा मिस्त्री, हे तिघं माझ्या लेखी एकाच लायकीचे. वर्कशॉपात येईल त्याला मी हे ऐकवत असे. लोक कंटाळत, मान हलवत आणि काम उरकून निघून जात. आणि तरी माझ्या उभ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घाई माझ्याच हातून झाली, आणि तिचं माप पडलं दुसऱ्याच्या पदरात.

मी जोतीराम. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या पदार्थविज्ञान विभागात मिस्त्री होतो. लेथ, शेपर, ड्रिल आणि एक मोडकी खुर्ची एवढं माझं राज्य. गोष्ट एक्क्याऐंशी सालची. विभागात तेव्हा एक लेझर तयार होत होता. विभागप्रमुखांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणायचो. सरांना तो लेझर हातभर लांबीचाच हवा होता, पेटीत घालून कुठंही नेता येईल असा. आणि तो गप्प हवा होता.

उजेड गप्प असतो म्हणजे काय, हे मला शांतादेवी बाईंनी ऐकवून दाखवलं. बाई कुरुंदवाडच्या, लिंगायत घरातल्या. सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होत्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण कामाला अशा चिवट की दुपारचा डबा उघडायचंही भान राहायचं नाही. त्यांनी टेबलावरच्या साध्या बल्बपुढं उजेडाची वीज करणारा एक प्रकाशघट धरला. त्याची तार स्पीकरला जोडलेली होती. स्पीकर घों घों करायला लागला.

"हा आवाज बल्बच्या उजेडाचा, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "हा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना कळत नाही, पण याला कळतं. आपल्याला किरणावर माणसाचं बोलणं बसवून लांब पाठवायचंय. किरणच खरखर करत असला तर बोलणं त्यात बुडून जाईल. पुढं याच किरणानं एखादी भिंत केसभर सरकली तरी ओळखता येईल. पण आधी तो स्वतः गप्प बसायला शिकला पाहिजे."

मला ते फार आवडलं. गप्प बसता येणं ही मोठी गोष्ट आहे, असं मी तेव्हा हसत म्हणालो होतो.

लेझरचा जीव म्हणजे एक काचेची नळी. तिच्यात हेलियम आणि निऑन हे दोन वायू भरलेले, दोन टोकांना दोन बारके आरसे पक्के बसवलेले. दोन्ही आरसे अगदी समोरासमोर राहिले तर किरण स्थिर. नळी केसाच्या शंभराव्या हिश्शानं जरी वाकली, तरी आरसे तिरके होतात, किरण मंदावतो आणि खरखर सुरू होते. म्हणून ती नळी दोन चापांनी एका जाड बेडवर, म्हणजे बिडाच्या ओतीव लोखंडी बैठकीवर, आवळून बसवायची होती. नळी करणार होता नबीलाल आणि बेड करणार होतो मी.

नबीलाल माझ्याच गल्लीतला, शिवाजी पेठेतला. थेटरांच्या आणि दुकानांच्या पाट्यांसाठी काचेच्या नळ्या वाकवून लाल-निळी अक्षरं करायचा त्याचा धंदा. पोरवयात आम्ही एकाच तालमीच्या संघातनं फुटबॉल खेळायचो. तो गोलकीपर, मी त्याच्यापुढं बॅकला. त्याच्या अंगावर धावून येणाऱ्यांशी भांडून भांडून मी निम्मी पेठ दुखावून ठेवली होती. त्याला सरांकडं मीच घेऊन गेलो.

"जोत्या, ही म्हंजे आपल्या पाटीतलीच नळी की रं," सगळं समजून घेतल्यावर तो म्हणाला होता. "फकस्त हिला अक्षर न्हाय, एवढंच."

पण त्याला त्या नळीचं वेड लागलं. सर म्हणाले होते, पैसे देणारी दिल्लीची कमिटी खूश झाली तर अशा दहा नळ्या करायचं काम इथंच मिळेल आणि अहवालात नबीलालचं नाव लागेल. तेव्हापासून तो पाट्यांची कामं पुढं ढकलून नळीमागं लागला. त्याची बायको ताजबी मला म्हणायची, "भाऊजी, तुमी ह्यांना कुठल्या नादाला लावलं? जेवताना सुदिक काचेचंच बोलणं."

आता बेडचं सांगतो. बीड ओतलं की त्याचा बाहेरचा भाग आधी गार होतो, आतला मागून. त्या ओढाताणीत लोखंडाच्या अंगात ताण राहतो. तसंच ते मशीनवर घेऊन तासलं, तर पुढं कितीतरी महिने ते गुपचूप वाकत राहतं, ऊन चढलं की जास्तच. डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही. म्हणून आमच्याकडचे जुने मिस्त्री मोलाच्या कामाचं बीड दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे उघड्यावर टाकून ठेवतात. मग ते मुरतं. सरांच्या लेझरचं नुसतं बोलणं सुरू झालं तेव्हाच, एकोणऐंशी साली, मी बेडचा तुकडा ओतून आणला आणि वर्कशॉपमागच्या चिंचेखाली टाकला. सर दर दोन महिन्यांनी विचारायचे, मी दर वेळी नाही म्हणायचो. नव्या पोरांना मी तो तुकडा नेऊन दाखवायचो. "घाई करू नका," असं त्यांना बजावायचो. विभागात त्याचं नाव जोतीरामचं लोणचं असं पडलं होतं आणि मला त्याचा मोठा अभिमान होता.

ऐंशीच्या डिसेंबरात मी तो तासायला शेपरवर घेतला. रविवार होता, वर्कशॉपात मी एकटाच. दोन हात मारून झाले, सुरेख रुपेरी पृष्ठभाग निघाला. तिसऱ्या हाताला, जिथं चाप बसायचा नेमका तिथं, सुपारीएवढी पोकळी उघडी पडली. ओतताना आत हवा अडकलेली. दोन वर्षं मी एक पोकळ तुकडा सांभाळत बसलो होतो.

मी खाली बसलो. खरं म्हणजे त्यात लपवायसारखं काही नव्हतं. ओतकामात पोकळी निघते, कुणाच्याही नशिबी निघते. सोमवारी सरांना सांगितलं असतं तर ते चिडले असते, चार दिवस बोलले नसते, आणि काहीतरी वाट निघाली असती. पण मला दिसत होती ती सगळी पोरं, ज्यांना मी लोणचं दाखवत फिरलो होतो. त्यांचं हसणं माझ्या कानात आत्ताच सुरू झालं होतं. मी उठलो आणि उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या फौंड्रीत गेलो. पाचव्या दिवशी नवा तुकडा आणला, दोन दिवसांत तासला, भोकं पाडली, हिरवा रंग दिला. जुना तुकडा भंगारात गेला. फौंड्रीवाल्याला मी वेगळंच काहीतरी कारण सांगितलं.

बेड बघून सर म्हणाले, "दोन वर्षं थांबलो त्याचं चीज झालं, जोतीराम."

मी मान हलवली. तोंडानं तर खोटं बोललो नाही ना, अशी मी माझी समजूत घातली. सगळ्याच तुकड्यांत काही एवढा ताण नसतो, कदाचित हा निभावून नेईल, असंही स्वतःला सांगितलं.

त्यानं निभावलं नाही. जानेवारीत नळी बेडवर चढली. पहिल्या सकाळी लाल किरण भिंतीवर पडला आणि बाईंनी प्रकाशघट पुढं धरला, तर स्पीकरमधनं काहीच आलं नाही. सगळे टाळ्या वाजवायला लागले. दुपारी बाराच्या सुमाराला स्पीकर बारीक कुरकुरला. तीन वाजता त्याची चांगली खरखर झाली. बाईंनी चापांचे स्क्रू किंचित फिरवले, किरण परत गप्प झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच.

पुढचे तीन महिने असेच गेले. वर्कशॉप आणि बाईंची खोली यांच्यामध्ये एकच भिंत. मी लेथवर काम करायचो आणि कान भिंतीकडं. अकरापर्यंत बरं असायचं. मग तो आवाज सुरू व्हायचा. आधी इतका बारीक की मला वाटायचं, भास झाला. मग पलीकडं बाईंची खुर्ची सरकायची आणि मला कळायचं, त्यांनीही ऐकला.

फेब्रुवारीत त्या वही घेऊन माझ्याकडं आल्या. "मिस्त्री, स्क्रू फिरवले की आवाज थांबतो. म्हणजे काहीतरी वाकतंय. नळी वाकतीय, नाहीतर बेड. बेड मुरलेलाच आहे ना?"

मी हातातलं काम सोडलंसुद्धा नाही. "दोन वर्षं चिंचेखाली पडलाय तो. सगळ्या कॉलेजनं बघितलाय," मी म्हणालो. वर जरा आवाज चढवून म्हणालो, "माझ्या बेडवर शंका घेताय काय तुम्ही?"

"तसं नाही हो," त्या ओशाळल्या. "मग नळीच असणार."

त्यांनी वहीतल्या 'बेड' या शब्दावर रेघ मारून तो खोडला. ती रेघ मारताना मी बघत होतो.

काचेचंही बिडासारखंच असतं. तापवलेली काच भट्टीत दिवसभर हळूहळू निववावी लागते, नाहीतर तिच्यातही ताण राहतो. बाईंनी नबीलालला बोलावून सांगितलं की नळी नीट निवलेली दिसत नाही. त्यानं हुज्जत घातली नाही. दुसरी नळी केली. ती भट्टीत दोन दिवस ठेवली. तिचीही दुपारी खरखर झाली. तिसरी केली, ती चार दिवस ठेवली.

तिसऱ्या नळीच्या वेळी मी त्याच्याजवळ बसलो होतो. संध्याकाळची वेळ होती. तो दर अर्ध्या तासानं भट्टीची आच एक नखभर कमी करायचा आणि घड्याळ बघून कागदावर लिहायचा. लिहायची त्याला सवय नव्हती. वीस वर्षं त्यानं हे काम अंदाजानंच केलं होतं आणि कधी चुकला नव्हता.

"जोत्या, तू लोखंडवाला. तूच सांग," तो म्हणाला. "मी कुठं चुकाय लागलोय?"

"एखादं काम असतंच रं आडमुठं," मी म्हणालो.

"आडमुठं काम न्हवं, माझं मलाच कळंना झालंय."

मी त्याला पान दिलं, इकडचं तिकडचं बोललो आणि घरी आलो. जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर तिच्यावरच खेकसलो. अशा वेळी माझा राग फार उपयोगी पडतो, कुणी पुढं विचारत नाही.

एप्रिलात कमिटीची तारीख आली, गुरुवार सकाळ. कमिटीपुढं किरणावरनं दहा मिनिटं बोलणं पाठवायचं होतं, आमच्या गच्चीवरनं अर्ध्या मैलावरच्या होस्टेलच्या गच्चीवर. सकाळी स्क्रू फिरवून कसंबसं जमलं असतं, पण कमिटीची गाडी किती वाजता येईल याचा नेम नव्हता.

बुधवारी दुपारी सरांनी सगळ्यांना बाईंच्या खोलीत बोलावलं. बाईंच्या हातात दोन काळसर काचा होत्या. त्यांच्यामध्ये एखादी काच धरली की तिच्या अंगातला ताण रंगीत पट्ट्यांच्या रूपात दिसतो, ताण नसला तर ती नुसती काळी दिसते. बाईंनी बेडवर आवळलेल्या नळीच्या अलीकडं एक आणि पलीकडं एक काच धरली. नळीच्या मधोमध पिवळा-जांभळा पट्टा उमटला. नबीलाल वाकून बघत राहिला. मीही बघितला. आवळलेल्या नळीला खालचा बेड वाकवतोय, हे त्या खोलीत मला एकट्याला कळत होतं.

"हा ताण बघा, नबीलाल," सर म्हणाले. "तुम्ही भट्टी लवकर उघडता. कबूल करा, म्हणजे विषय संपेल. उद्या कमिटीला सांगावं लागणार, की इथलं काचकाम कमी पडलं. पुढच्या नळ्या बंगलोरहून मागवू."

"चार दिवस ठेवली हुती, साहेब," नबीलाल म्हणाला. पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. तो नळीकडं बघत होता. "पर डोळ्याला दिसतंय त्येला काय म्हणायचं? आसंल. माझ्याकडनंच झालं आसंल."

बाईंनी अहवालाच्या कागदावर लिहिलं. मला उलटं दिसत होतं तरी वाचता आलं: नळीच्या काचेतील दोष. शेवटचं अक्षर लिहून होईपर्यंत मी तिथं उभा होतो. माझे पाय मला दाराबाहेर घेऊन गेले.

वर्कशॉपात येऊन मी उगाच एक तुकडा लेथला लावला. हात चालत नव्हते. आता बोललो तर उद्याची कमिटी, बाईंची तीन वर्षं, सरांचा मान, सगळं माझ्या डोक्यावर येणार, आणि नाही बोललो तर कुणाला कधीच कळणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं. बेड तर वर्षा-दोन वर्षांत मुरलाच असता. माझं पाप आपोआप सरळ झालं असतं. ह्या विचारानं मला क्षणभर बरंही वाटलं, हे सांगायला मला लाज वाटते, पण वाटलं.

तेवढ्यात नबीलाल आत आला. माझ्या मोडक्या खुर्चीवर बसला. त्यानं उजवा हात पुढं केला आणि बोटं पसरली.

"काल एका दुकानाच्या पाटीचं एक अक्षर कराय बसलो," तो म्हणाला. "साधं एक वळण. तीनदा फुटलं. ताजबी बाजूला हुबी हुती, तिनंच काचा गोळा केल्या." मग त्यानं माझ्याकडं बघितलं. "जोत्या, दुसरं कोण मला खरं सांगायचं न्हाय. तू सांग. माझा हात गेलाय का रं?"

लेथ चालू होता. मी तो बंद केला.

"न्हाय," मी म्हणालो. "तुझ्या हाताला काय झाल्यालं न्हाय. बेड कच्चा हाय."

"कुठला बेड?"

"आपला. चिंचंखालचा तुकडा पोकळ निघाला. मी नवा ओतून आणला डिसेंबरात, आठ दिसात करून दिला. तो वाकतोय. तुझी नळी चांगली हाय. तिन्ही चांगल्या हुत्या."

मला वाटलं होतं तो उठून माझ्या कानाखाली वाजवेल. मी त्यासाठी उभाही राहिलो होतो. त्यानं हात मांडीवर ठेवला आणि बोटं एकदा मिटून उघडून बघितली.

"तुला कवापासनं ठावं हाय?"

"पहिल्या दिसापासनं."

"भट्टीजवळ बसला हुतास तवा ठावं हुतं?"

"व्हय."

"मी तुला इचारलं तवा?"

"व्हय."

त्यानं मान हलवली. "चल पलीकडं," तो म्हणाला. "जे मला सांगितलंस ते तितं सांग."

बाईंच्या खोलीपर्यंतची ती दहा पावलं मला फार लांब वाटली. तो माझ्यामागनं येत होता. सर आणि बाई अजून खोलीतच होते. मी सगळं सांगितलं, फौंड्रीपासून रेघेपर्यंत. सांगताना मी सरांकडं बघत होतो, कारण बाकी दोघांकडं बघायची हिंमत नव्हती.

सर जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. त्यातला प्रत्येक शब्द माझ्या लायकीचा होता. बाई मात्र ओरडल्या नाहीत.

"मी तुम्हाला विचारलं होतं, मिस्त्री," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "तोंडावर विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात म्हणून मी नळी चापातनं सोडून कधी बघितलीच नाही. एकदा बघितली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि एका बाजूचा चाप सोडला. मग त्या दोन काळसर काचा पुन्हा धरल्या. पिवळा-जांभळा पट्टा गेला होता. नळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वच्छ काळी दिसत होती. बाईंनी काचा नबीलालच्या हातात दिल्या. त्यानं एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं, मग काचा टेबलावर ठेवल्या. मला वाटलं, आता तरी तो हसेल.

पुढचं सगळं बाईंनी केलं. "बेड वाकतो तर वाकू दे, नळीला त्याच्याबरोबर वाकायची सक्ती नको," असं म्हणून त्यांनी नळीचं एकच टोक चापात ठेवलं आणि दुसऱ्या टोकाखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून ते नुसतं टेकवलं. दिवेलागणीपर्यंत आम्ही चौघं स्पीकरपुढं बसून होतो. चार वाजले, पाच वाजले, सहा वाजले, आवाज आला नाही. बाईंनी अहवालातला तो कागद फाडला. सर निघताना म्हणाले, "उद्या कमिटीपुढं बेडचा विषय कुणीही काढायचा नाही. आणि किरणावर बोलायला नबीलाल बसतील."

म्हणजे मी सुटलो होतो. माझी चूक त्या खोलीच्या बाहेर जाणार नव्हती. घरी जाताना मी नबीलालच्या मागं भराभर चाललो, पण तो सायकलवर बसून पुढं गेला. रोज आम्ही सायकली हातात धरून बोलत जायचो.

गुरुवारी मला होस्टेलच्या गच्चीवर प्रकाशघट सांभाळायला पाठवलं. कमिटीतले तिघं आणि सर तिथंच होते. साडेअकरा वाजून गेलेले, म्हणजे नेमकी खरखरीची वेळ. अर्ध्या मैलावर आमच्या गच्चीवर नबीलाल आणि बाई टिपक्यांएवढे दिसत होते. परतीच्या निरोपासाठी दोन गच्च्यांच्या मध्ये फोनची साधी तार ओढली होती. लाल ठिपका प्रकाशघटावर येऊन बसला. स्पीकर लावला तर त्यातनं काहीच आलं नाही. क्षणभर मला वाटलं, तार तुटली.

"एक. दोन. तीन," नबीलाल म्हणाला.

तो माझ्या शेजारी उभा असावा इतकं स्वच्छ ऐकू आलं. कमिटीतल्या एकानं मागं वळून बघितलं. मग नबीलालनं बाईंनी दिलेलं वर्तमानपत्र वाचायला घेतलं. गुळाचे भाव वाचले, थेटरातल्या खेळांच्या वेळा वाचल्या, कुठल्याशा गावच्या कुस्त्यांचा निकाल वाचला. मधे पान उलटलं, त्याची सळसळसुद्धा आली. मी घड्याळाकडं बघत होतो. सहा मिनिटं. आठ. दहा. खरखर नाही.

कमिटीतले सगळ्यात वयस्कर गृहस्थ सरांना म्हणाले, "उत्तम. हे बनवलं कुणी, त्यांची नावं त्यांच्याच तोंडून ऐकू द्या." सरांनी फोनवर तसं सांगितलं.

स्पीकरमधनं वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज आला.

"काचेची नळी मी केली," नबीलाल म्हणाला. "नबीलाल, शिवाजी पेठ. किरण गप्प ठेवायची युक्ती शांतादेवी बाईंची."

मग तो थांबला. एवढ्या शांत किरणात थांबणंही ऐकू येतं. त्याचा श्वास येत होता, लांबनं एका कावळ्याचा आवाज येत होता. मी वाट बघत होतो. आता तो काय म्हणेल, सगळं सांगून टाकेल का, ह्याची मला भीती होती. आणि खरं सांगतो, त्यानं सांगून टाकावं असंही मला वाटत होतं.

"आणि बेड जोतीराम मिस्त्रींचा हाय," तो म्हणाला.

चाळीस वर्षांत त्यानं मला जोत्याशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. आवाजात राग नव्हता. परक्या माणसाचं नाव घ्यावं तसं त्यानं माझं नाव अदबीनं घेतलं आणि बोलणं संपवलं.

त्या वयस्कर गृहस्थांनी माझ्याकडं बघून हात पुढं केला. "जोतीराम म्हणजे तुम्हीच ना? छान काम," ते म्हणाले. मी हात विजारीला पुसून त्यांच्या हातात दिला. त्यांनी समोरच्या गच्चीकडं मान केली. "ते तुमचे मित्र का?"

स्पीकर अजून चालू होता. त्यातनं काहीच येत नव्हतं.

"आमी एका गल्लीत ऱ्हातो," मी म्हणालो.